सतरा गावांच्या कचेरीतली रुखमाबाई

रुखमाबाईचं वय आधार कार्डावर एकाहत्तर आहे. खरं अठ्ठ्याहत्तर. कार्ड काढणाऱ्या पोराने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मनानेच आकडा टाकून दिला. ती म्हणाली, "राहू दे बापा, तुह्या मशीननं मले सात वर्सं देल्ली, वापस कायले करू?"

आम्ही दोघी एकाच माहेरच्या, नेरकडच्या. एका वर्षाच्या आतबाहेर दोघी सातडोहात सून म्हणून आलो. ती नानाजीच्या घरात, मी तिच्यापासून तिसऱ्या घरात. विहाराच्या मागच्या त्या गल्लीत तिचं आयुष्य गेलं. कापूस वेचायला तिच्यासारखी बाई मी पाहिली नाही. दोन्ही हात दोन झाडांवर आणि तोंड तिसरीशी भांडत. हाडं थकल्यावर तिने शाळेत बावीस वर्षं खिचडी शिजवली. एकदा तपासणीवाले साहेब चव घेऊन म्हणाले, मीठ कमी आहे. ती म्हणाली, "साहेब, मीठ पोराईच्या तोंडानं टाकलं हाये. तुमचं तोंड आज आलं, उद्या जाईन." साहेबांनी पुन्हा वाढून घेतलं.

अशी ही बाई. पण सातडोहात कोणाला विचारा, रुखमाबाई कोण, तर जुनी माणसं आवाज उतरवून सांगतात, "तेच वो, जिनं कचेरीत आंगठा देल्ला." अठ्ठावन्न वर्षं झाली, आवाज अजून उतरतो. याचा मला राग आहे, आणि तो मी या लिहिण्यात लपवणार नाही.

कचेरी काय होती ते आधी सांगते, कारण नवीन पोरांना वाटतं कचेरी म्हणजे तहसील. आमच्या सातडोहच्या देशमुखांना निजामाच्या काळात कोणीतरी सनद दिली होती म्हणतात. सतरा गावं त्यांच्या हद्दीत. त्या सतरा गावांत बैल कोणाचा, वावराचा धुरा, म्हणजे बांध, कोणाचा, बायको कोणाची, चोर कोण, हे सगळं देशमुखाने ठरवायचं. निजाम गेला, इंग्रज आला, कचेरी राहिली. इंग्रज गेला तरी राहिली. यवतमाळला कोर्ट होतं, आर्णीला ठाणं होतं, तिथपर्यंत जायला रस्ताही होता. पण सतरा गावांचं वावर देशमुखाचं, त्यामुळे पोट देशमुखाच्या हातात. माणूस कोर्टात जाऊन जिंकून आला तर सोमवारी कामाला कुठे जाणार? बहात्तरच्या दुष्काळात सरकारने खडी फोडायची कामं काढली आणि आम्ही सगळे रस्त्यावर खडी फोडायला गेलो, तेव्हा कुठे कचेरी आपोआप मेली. तिला कोणी बंद केलं नाही. गिऱ्हाईक तुटलं.

कचेरीची रीत अशी होती. तीन पायऱ्या चढून वर मोठी छपरी, सागाचे खांब. देशमुख वर बसायचे, बाजूला दिवाणजी कागद घेऊन. पुरुषाने पायरीवर उभं राहून बोलायचं. बाईने पायरीच्या खाली उभं राहायचं आणि बोलायचं नाही, तिच्यातर्फे घरचा पुरुष बोलेल. आणि निकाल झाला की हरणाऱ्याने कागदावर आंगठा द्यायचा: मी खोटा होतो, मला निकाल कबूल आहे, मी राजीखुशीने लिहून देतो. हा कागद झाल्याशिवाय निकाल पुरा व्हायचा नाही. मारलं तर मारलं म्हणतील, पण माणसाने स्वतःच कबूल केलं म्हटल्यावर पुढे कोण काय बोलणार. सतरा गावं अशी राजीखुशीने चालली.

आता सहासष्ट सालचं सांगते. रुखमा तेव्हा वीस वर्षांची. तिचा सासरा नानाजी छप्पन साली नागपूरला जाऊन आला होता, आणि आल्यापासून त्याने मेलेली जनावरं ओढायचं बंद केलं होतं. दहा वर्षं देशमुख काही बोलले नाहीत. मोठ्या घरचा राग मुरायला ठेवतात, लोणच्यासारखा. त्या डिसेंबरात देशमुखांचा एक बैल मेला. बोलावणं आलं, नानाजी गेला नाही. आठ दिवसांनी नानाजीच्या घरामागच्या कडब्यात कापसाचं एक गाठोडं निघालं. देशमुखांचा सोकारी, म्हणजे पिकाचा राखणदार, म्हणाला, मी रुखमीला वावरातून नेताना पाहिलं.

तेव्हाचे देशमुख माधोराव. त्यांनी नानाजीला विचारलं, कबूल आहे काय. नानाजी म्हणाला, "मालक, माही सून चोर नाही." माधोराव म्हणाले, "आंगठा दे म्हना तिले आन् घरी घेऊन जा. कापूस आमचा आमाले भेटला, आमचं काही म्हननं नाही." म्हणजे आंगठा दिला तर थोडक्यात सुटका, नाही दिला तर घराला सतरा गावांत काम बंद.

तेव्हा पायरीखालून रुखमा बोलली, "मी नाही देत."

बाई कचेरीत बोललेली सातडोहाने कधी ऐकली नव्हती. मी गर्दीत होते. एक कुत्रं अंग खाजवत होतं, तेवढाच आवाज.

तिला मागच्या खोलीत नेऊन बसवलं. दुपारपासून दिवे लागेपर्यंत ती तिथे होती. आत दिवाणजी होता, आणि माधोरावांचा पोरगा किसनराव, सतरा-अठरा वर्षांचा, दिवाणजीच्या हाताखाली काम शिकत होता. संध्याकाळी तिला सोडलं आणि डफडं वाजवून गावाला सांगितलं, रुखमीने चोरी कबूल करून आंगठा दिला. ती बाहेर येऊन म्हणाली, "मी देल्ला नाही." पण बंद खोलीतून आलेल्या बाईचं कोण ऐकतं? कागद कोणाला दाखवायचा नसतो. त्या खोलीबद्दल लोकांनी आणखी काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही. ज्यांनी म्हटलं ते मेले, त्यांचे नातू चांगले आहेत.

दुसऱ्या दिवशी तिच्या डोक्यावर ते गाठोडं देऊन तिला गल्लीगल्लीतून फिरवलं. वरून कामही वर्षभर बंदच राहिलं. आंगठा दिला म्हणून चोर, आणि ती दिला नाही म्हणते म्हणून मग्रूर, अशा दोन्ही शिक्षा तिला मिळाल्या. तिच्या नणंदेची सोयरीक मोडली. सासू मरेपर्यंत म्हणत राहिली, "देल्ला त देल्ला, आता खोटं कायले बोलतं?"

आणि सगळ्यात वाईट तिचा नवरा गोपाल. भला माणूस होता, कधी हात उचलला नाही. यवतमाळच्या दवाखान्यात शेवटचे दिवस चालू होते, मी डबा घेऊन गेले होते. त्याने तिचा हात धरून विचारलं, "आता त खरं सांग, रुखमे. मी रागावत नाही. आंगठा देल्ला व्हता काय?" ती त्याच्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "नाही." तो म्हणाला, "बरं." त्या 'बरं'मध्ये काय होतं ते आम्हा दोघींनाही कळलं. चौथ्या दिवशी तो गेला.

तर आता या वर्षीचं सांगते. फेब्रुवारी महिना, तूर सोंगून झाली होती. अतुल देशमुख तिच्या दारात आला. अतुल म्हणजे किसनरावचा पोरगा, माधोरावांचा नातू. सहा वर्षं जर्मनीत इंजिनीअर होता, आता परत आला आहे. वागायला पोरगा नरम. चप्पल बाहेर काढून आला, पाया पडला. मी तिथेच होते, आणि माझी नात निकिता. ती यवतमाळला वकिलीच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

"आजी, रविवारी पुस्तकाचं प्रकाशन आहे, आपल्या कचेरीवर लिहिलंय मी. तुम्ही गावातल्या वडीलधाऱ्या. यायचं."

रुखमाबाई म्हणाली, "कचेरीवर? तिच्यावर कायले चढला? खाली बस, चहा घे."

तो हसला आणि बसला. सांगायला लागला. जर्मनीत तो राहायचा तिथे एका सरदार घराण्याचा किल्ला होता. त्या घराण्याची स्वतःची हद्द, त्या हद्दीतल्या गावांचा न्याय तेच करायचे, शेकडो वर्षं. न्यायाची खोली तशीच जपून ठेवली आहे, बाहेर पाटी आहे, लोक लांबून पाहायला येतात. ती पाटी वाचता वाचता त्याला आठवलं, असं तर आपल्या घरीही होतं. म्हणून घरच्या पेट्या उघडल्या, जुने कागद काढले, पुस्तक केलं.

रुखमाबाईने नीट ऐकून घेतलं. "म्हंजे तिकडं बी ज्याचं वावर त्याचंच कोर्ट?"

"हो, तसंच म्हणा."

"आन् ज्याचं कोर्ट त्याचीच कोठडी?"

"हो."

"मंग हारत कोन व्हतं रे बापू?"

अतुलने कप उचलला. निकिताने विचारलं, "तिथं बंद कधी झालं ते?"

"अठराशे अठ्ठेचाळीसच्या आसपास. लोक उठले, नंतर कायद्यानेच काढून घेतलं."

"काहून उठले लोक? पाटीवर लिहिलं असंन न."

"दुसरी एक पाटी होती," तो म्हणाला. "शिक्षा झालेल्यांची नावं होती तिच्यावर. तिचा फोटो नाही काढला मी." पोरगा खरं बोलला, एवढं मी त्याच्या नावावर टाकते.

मग त्याने पुस्तक पुढे केलं. गुळगुळीत कागद, वर त्यांचा जुना पितळी शिक्का छापलेला. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की कचेरीतून वादी आणि प्रतिवादी दोघेही समाधानाने घरी जात. निकिताने ते मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. पुढे कबुलीच्या कागदांचे फोटो होते, चाळीसेक असतील. अतुल म्हणाला, "हे सगळ्यात महत्त्वाचं. बघा, प्रत्येक निकालाला लेखी संमती. त्या काळात."

निकिता एकेक पान उलटत होती. एक्केचाळीसाव्या पानावर तिचा हात थांबला.

"वाच," रुखमाबाई म्हणाली. तिला वाचता येत नाही, पण थांबलेला हात तिला कळतो.

निकिताने वाचलं. "मी रुखमी जौजे गोपाल, राहणार सातडोह, लिहून देते की मालकांच्या वावरातला कापूस मी चोरला. मला निकाल कबूल. राजीखुशीने निशाणी डावा आंगठा." जौजे म्हणजे बायको, जुन्या कागदात तसंच लिहीत.

अतुलला अजून काही कळलं नव्हतं. तो म्हणाला, "ही फार जुनी केस असणार. तारीख फसली सनात आहे, तेराशे शहात्तर." देशमुखांचा दिवाणजी शेवटपर्यंत निजामाचा फसली सन लिहायचा. या पोराने ते पाहिलं आणि बाईला शंभर-दोनशे वर्षांपूर्वी मारून टाकलं. निकिताने बोटांवर हिशोब केला. "फसलीत पाचशे नव्वद मिळवा. एकोणीसशे सहासष्ट आहे हे. आन् हे रुखमी तुमच्यासमोर बसली हाये. तुम्ही तिचाच चहा पेऊन राह्यले."

रुखमाबाईने तोवर पुस्तक मांडीवर ओढलं होतं. त्या फोटोत खाली आंगठ्याचा ठसा होता, मोठा, पुरा, भोवऱ्यासारख्या रेघा वरपर्यंत. तिने आपला डावा हात त्याच्या बाजूला ठेवला. तिच्या डाव्या आंगठ्याला वरचं पेर नाही. सांध्यापाशी संपतो. रेशनच्या मशीनवर ती दुसरं बोट लावते, सगळं गाव पाहतं. पण तोकडं टोकही शाईत बुडतं, म्हणून कागद न पाहिलेल्या गावाला त्यावरून कधी शंका आली नाही.

ते पेर नवव्या वर्षी गेलं. माहेरी एका शेतकऱ्याकडे कडबा कापायचं यंत्र होतं, एकाने चाक फिरवायचं आणि दुसऱ्याने तोंडातून कडबा घालायचा. ती कडबा घालत होती. चाक मी फिरवत होते. मी थांबले नाही वेळेवर.

आणि हे त्या कचेरीतल्या लोकांना माहीत नव्हतं, कारण त्यांनी पाहिलंच नाही. दिवाणजीला सवय होती, निशाणी डावा आंगठा लिहायची आणि कोणाचा तरी उमटवायची. वीस वर्षांची बाई दुपारपासून समोर बसवली, तिचा हात पाहायचं कोणाच्या मनात आलं नाही. मेलेला बैलसुद्धा ओढायच्या आधी माणूस चारी बाजूंनी पाहतो.

रुखमाबाईने फोटोतल्या ठशावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मले वाटे, कागद कोराच असंन. नुसतंच खोटं सांगतलं असंन. इथं त माहा आंगठा बी त्याईनंच करून घेतला."

अतुलने कप खाली ठेवला. "मी बाबांना विचारतो, आजी."

"विचार. आन् हे पान काढ. रविवारी वाटसीन त्यात हे पान नाही पायजे."

दुसऱ्या दिवशी तो आला तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. बसत नव्हता. पाचशे प्रती बांधून आल्या आहेत, म्हणाला. बाबा म्हणतात कागद अस्सल आहे, शिक्का आहे, आणि जुनं उकरून कोणाचं भलं होत नाही. तुम्ही म्हणाल तर मी पानावर चिठ्ठी चिकटवतो, या नोंदीबाबत मतभेद आहेत अशी.

मी म्हटलं, "मतभेद? बाईच्या हाताले आंगठा नाही. मतभेद कोनाचा, हाताचा का आंगठ्याचा?" आणखीही बोलले. इतकी वर्षं देशमुखांच्या घरातल्या कोणाशी मी वर मान करून बोलले नव्हते, ते सगळं त्या पोरावर निघालं. त्याने ऐकून घेतलं आणि गेला.

निकिता म्हणाली, नोटीस देऊ, कोर्टातून थांबवू. रुखमाबाईने विचारलं, किती दिवस लागतील. निकिता म्हणाली, वर्ष, दोन वर्षं. रुखमाबाई म्हणाली, "मंग नोटीस तुह्या नावानं दे. माह्या जिवाचा भरवसा नाही."

तिचा पोरगा धर्मपाल आर्णीला स्टँडजवळ टू-व्हीलर दुरुस्त करतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "माय, जाऊ दे न. कोन वाचते पुस्तक आजकाल? त्याईच्याच गाड्या येते माह्याकडं." तिने फोन निकिताच्या हातात दिला आणि सुपात तूर घेऊन बसली. खडे काढत होती. अर्धं सूप झाल्यावर म्हणाली, "पान राहू दे."

"म्हंजे?" मी विचारलं.

"पान काढलं त माह्यापाशी काय राह्यलं? पुन्हा नुसतं तोंड. अठ्ठावन वर्सं तोंडच व्हतं. आता त्याईनंच कागद बाहेर काढला, आन् तू म्हनतं लपव म्हना?"

"मी कोठं म्हटलं? तूच म्हटलं काल."

"काल मी येडी व्हती."

रविवारी कचेरीला रंग दिलेला, मंडप टाकलेला. सतरा गावांतली माणसं बोलावली होती. वर छपरीत खुर्च्या, पाहुणे, किसनराव मधोमध. बायांसाठी खाली सतरंजी. कोणी सांगितलं नव्हतं, आता तशी रीतही नाही, तरी सगळ्या बाया पायऱ्यांच्या खालीच बसल्या. मीही बसले. सवयीने बसले आणि मग स्वतःचाच राग आला.

पायरीपाशी एक टेबल होतं. त्यावर शाईचा पॅड आणि तो जुना पितळी शिक्का. प्रत्येक प्रतीवर शिक्का मारून माणसाच्या हातात देत होते, आठवण म्हणून. साठ-सत्तर प्रती वाटून झाल्या होत्या. रुखमाबाईने एक घेतली.

किसनरावचं भाषण चालू होतं. आमच्या पूर्वजांनी कधी कोणावर अन्याय, असं काहीतरी म्हणत होते, तेवढ्यात ती उठली आणि पायऱ्या चढायला लागली. गुडघे चांगले नाहीत, एकेक पायरीवर दोन्ही पाय ठेवत चढली. किसनराव थांबले. माईक चालू होता.

"काय वो, रुखमाबाई? काही पाहिजे काय?"

"पान एक्केचाळीस," ती म्हणाली. "लोकाईले काढा म्हना."

"कार्यक्रमानंतर बोलू आपण."

"कार्यक्रमात छापलं त कार्यक्रमातच बोलू. किसनराव, तुम्ही त्या खोलीत व्हते. हा आंगठा कोनाचा?"

खालून पानं उलटल्याचा आवाज आला. तिने डावा हात वर धरला, सगळ्यांना दिसेल असा. हळूहळू लोकांना कळत गेलं. मी त्यांची तोंडं पाहत होते. फोटो पाहायचे, हात पाहायचे, पुन्हा फोटो पाहायचे.

किसनराव म्हणाले, "हे पाहा, जुनी गोष्ट आहे. आंगठा नंतर तुटला असंन. कामात तुटते मानसाचा."

तेव्हा मी उठले. पायरीखालूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "नंतर नाही तुटला. लगनाच्या आधी, नवव्या वर्सी तुटला, आमच्या माहेरी, कडब्याच्या यंत्रात. चाक मी फिरवत व्हती. माह्या हातानं तुटला. कापलेलं पेर मीच कडब्यातून उचललं." हे मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. लोकांना ती म्हणायची, कोयता लागला. माझं नाव तिने कधी घेतलं नाही, मलाही कधी बोलून दाखवलं नाही.

किसनराव ओरडले नाहीत, मागे होऊन खुर्चीत बसले. रागावलेही नाहीत. त्यांनी फक्त आपला उजवा हात डाव्या हातावर ठेवला, मांडीवर, आणि तसाच ठेवला. ते मी पाहिलं, माझ्या बाजूच्या चार बायांनी पाहिलं. आम्ही काही सिद्ध करत नाही. पाहिलं एवढंच लिहिते.

मग तांड्यावरचे बाबूसिंग उठले, पंच्याऐंशीचे असतील, काठी टेकत. त्यांच्या हातात पुस्तक उघडं होतं, पण पान दुसरं होतं. म्हणाले, "हे माह्या बापाचं हाये. त्याईनं बी आंगठा देल्ला म्हनून लिवलं. आमी बापाले आयुष्यभर बोल लावला, दोन एकर सोडून देल्ले म्हनून. आता त्याचा हात कोठून आनू मी?" त्यांनी हे कोणाला विचारलं ते कळलं नाही. मंडपात माणसं आपापल्या बापाचं, आज्याचं पान शोधायला लागली. भाषण कोणी ऐकत नव्हतं, आणि भाषण राहिलंही नव्हतं.

किसनराव उठले. "कार्यक्रम संपला," म्हणाले. "पुस्तकं आत घ्या. वाटलेली बी वापस घ्या." दोन गड्यांनी गठ्ठे उचलून मागच्या खोलीत नेले आणि कुलूप लावलं. पण वाटलेली कोणी परत दिली नाहीत. पाहुणे जेवायला गेले.

रुखमाबाई टेबलापाशी येऊन बसली. तिथे अतुलची खुर्ची होती, तो उठून बाजूला झाला होता. तिने शिक्का एका बाजूला सारला, पॅड पुढे ओढला. डाव्या आंगठ्याचं तोकडं टोक शाईत बुडवलं आणि आपल्या प्रतीत एक्केचाळीसाव्या पानावर, त्या मोठ्या ठशाला चिकटून, दाबलं. बारीक, गोल, रेघा नसलेला डाग उठला. तो पाहून तिने मान हलवली, जशी पातेल्यात मीठ बरोबर पडलं की हलवायची.

बाबूसिंगांनी आपली प्रत पुढे केली. "मले बी दे."

मग एकेक येत गेले. खाली बसलेल्या बाया आधी आल्या, पायऱ्या चढून. तिने एकेकीला विचारलं, "तूबी म्हनत व्हती न मले?" काही बायांनी मान खाली घातली, काही हो म्हणाल्या. तिने सगळ्यांना ठसा दिला, पण विचारल्याशिवाय कोणाला दिला नाही. एका म्हाताऱ्याला म्हणाली, "तू त डफडं वाजवलं व्हतं. रांगेत शेवटी उभा राह्य." तो राहिला.

ऊन कलायला लागलं तेव्हा धर्मपाल आला. कोणीतरी व्हिडिओ पाठवला असेल. हाताला ऑइल तसंच होतं, दुकान उघडं टाकून आला होता. माणसं त्याला पुढे सोडत होती, तो रांगेतच उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा त्याच्या हातात पुस्तक नव्हतं. कोठून असणार, सगळी आत कुलपात होती.

"रिकाम्या हातानं कायले आला?" ती म्हणाली.

त्याने ऑइलचे हात पँटला पुसले. खाली पाहत होता. बापासारखाच दिसतो तो, तसा उभा राहिला की.

"तुहं नंतर पाहू. पयले तुह्या बापाच्या नावची एक पायजे मले. त्याचं राह्यलं."

अतुल इतका वेळ खांबापाशी उभा होता. त्याने काखेतली आपली स्वतःची प्रत काढली. पहिल्या पानावर त्याने वडिलांसाठी दोन ओळी लिहिल्या होत्या, मी पाहिल्या. तीच प्रत त्याने टेबलावर ठेवली आणि मागे झाला. रुखमाबाईने त्याचे आभार मानले नाहीत. त्याच्याकडे पाहिलंही नाही. पानं उलटून पान काढलं, आंगठा शाईत बुडवला, आणि बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ दाबून धरला.

मग पुस्तक उघडंच धर्मपालच्या हातात दिलं. "मिटू नको, शाई वली हाये," ती म्हणाली. "असंच घरी घेऊन चाल, बापाच्या फोटोपाशी."